बुडालेल्या गावातलं न्यायालय

मुळशीला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं आधी धरण केवढं आहे ते विचारतात आणि मग मासे खाल्लेत का ते. धरण पाहिलं, मासेही खाल्ले. पण मी गेले होते एका न्यायालयाची बैठक बघायला. हे न्यायालय वर्षातून एकदाच, ज्येष्ठात, धरणाचं पाणी उतरलं म्हणजे भरतं. आणि भरतं ते पाण्याखालून वर आलेल्या गावात. घरी हे सांगितलं तेव्हा आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "न्यायालयांना उन्हाळ्याची सुट्टी असते हे ठाऊक होतं. फक्त उन्हाळ्यात उघडणारं न्यायालय तुलाच सापडायचं!"

मी पुण्यात कायद्याच्या कॉलेजात शिकवते. माझा अभ्यासाचा विषय हळदीकुंकवाला सांगण्यासारखा नाही: हुकूमशहांच्या राज्यातली न्यायालयं. परदेशातून मागवलेली निकालपत्रं वाचण्यात मी दहाएक वर्षं घालवली आहेत. ज्यांच्या हातात बंदूक, तुरुंग, फास सगळं आहे अशी माणसंसुद्धा एखाद्याला चिरडताना कलमं लिहितात, साक्षी घेतात, सही-शिक्का करतात. एवढी सत्ता असताना नियमांची ही हौस कशाला? या एका प्रश्नावर मी पुस्तक लिहिते आहे आणि ते काही पुरं होत नाही. कोणी चौकशी केली की सासूबाई "ती वकिलीचं शिकवते" एवढंच सांगतात आणि चिवड्याची बशी पुढे करतात.

तर आमच्या कॉलेजातला शिपाई धोंडू हा मुळशीकडचा. न्यायालयाच्या बैठकीची जागा या विषयावर तास घेऊन मी बाहेर आले, तर हा दाराशीच उभा. म्हणाला, "बाई, आमच्या मामाच्या गावात जागा बदलली तर निकालच व्हत न्हाई." मामाचं गाव हिरडवणे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या अमदानीत, धरण झालं तेव्हा ते बुडालं आणि माणसं वर डोंगराच्या कुशीत पांगली. पण गावकी, म्हणजे गावचा न्याय करणारी बैठक, अजून खालच्या जुन्या गावातच बसते. प्रत्येक घरचा माणूस आपल्या बुडालेल्या घराच्या जोत्यावर येऊन बसतो आणि तिथूनच बोलतो. जोत्यावर पाय नसेल तर त्याचा शब्द धरत नाहीत.

मी धोंडूचा हातच धरला. इतकी वर्षं हजारो मैलांवरच्या न्यायालयांचे कागद चिवडत बसले होते, आणि पौड रस्त्यानं गेलं की लागणाऱ्या गावात हे होतं! धोंडूनं मामाला निरोप धाडला. मामाचं उत्तर आलं, बाईला येऊ दे, पण बैठकीत तोंड उघडायचं नाही. यावर आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पौड रस्त्यानं

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली हे माझं भाग्य, आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोंबडी होती हे माझ्या लुगड्याचं दुर्भाग्य. कोथरूडची वस्ती मागे पडली, चढ संपला आणि भुगाव-भुकूमची उन्हानं करपलेली रानं दिसू लागली. पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात ती भाजावळ झालेली, त्यामुळे जागोजाग काळे चौकोन. पिरंगुटला ड्रायव्हर खाली उतरला, कोणाच्या तरी ओसरीवर बसून निवांत पान जमवलं, आणि गाडीतल्या एकानंही कुरकूर केली नाही. पुण्यात एव्हाना तीन जणांनी वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलं असतं.

पौडला गरम भजी खाल्ली. समोरच कचेरी होती. काळे कोट घातलेले दोघेजण आंब्याखाली उकडून बसले होते. मी सवयीनं त्या इमारतीकडे बघून घेतलं, पण आज तिच्याशी मला काही देणंघेणं नाही असं मनाशी म्हणाले. ते साफ चूक होतं, हे तासा-दोन तासांत कळलं.

पुढे धरणाच्या भिंतीपाशी रस्ता संपला. एवढं पाणी मी कधी एका जागी पाहिलं नव्हतं. डोंगरांच्या मधल्या सगळ्या फटींत निळं पाणी शिरलेलं, आणि काठानं सगळीकडे पिवळ्या मातीचा रुंद पट्टा, पाणी कुठवर होतं ते दाखवणारा. भिंतीजवळ धोंडूच्या मामांनी धाडलेला लहानू कातकरी होडी घेऊन माझी वाट बघत होता. तो एका हातानं वल्हं ओढी आणि दुसऱ्या हातानं नुसता आधार देई. तो हात कोपरातून सरळ होत नव्हता.

मला चौकशा केल्यावाचून राहवत नाही. "हाताला काय झालं?" मी विचारलं.

"हानला," लहानू सहज म्हणाला. "बांबू चोरला म्हनून. मी चोरला न्हवता. बांदून हानला."

"कोणी?"

"हिरडवण्याच्याच लोकांनी. शिवराम व्हता, आनिक व्हते. त्याच गावचे दगडूदादा तितनं चालले व्हते, त्यांनी बगितलं. पौडच्या कोरटात उभं ऱ्हाऊन खरं सांगितलं. शिवरामला काई म्हैनं आत बसवलं. आन गावानं दगडूदादाला वाळीत टाकलं."

मी होडीत ताडकन उभी राहिले आणि लहानू ओरडला, "बाई, बसा, बसा!" बसले. मग वल्ह्याच्या तालावर त्यानं मला बाकीचं सांगितलं. वाळीत टाकल्यापासून दगडूच्या घरी कोणी पाय ठेवत नाही, त्याच्याकडचं पाणी पीत नाही, त्याच्या बांधाला मदतीला जात नाही. दर ज्येष्ठात दगडू गावकीपुढे येऊन परत घ्या म्हणून विनवतो आणि गावकी नाही म्हणते. यंदा त्याच्या मुलीचं, मंजुळाचं, लग्न ठरलंय. मुलाकडच्यांनी सांगितलंय की गावकीनं घरात घेतलं तरच लग्न, नाहीतर नाही. आणि या हंगामातला शेवटचा मुहूर्त आठवड्यावर आला होता. मुलाकडचे त्यापुढे थांबायला तयार नव्हते.

"मग उद्या घेतील की नाही?" मी विचारलं.

"उद्या बैठक व्हतीया का तेच कळंना," लहानू म्हणाला. "यंदा पानी लई हाय. गेल्या सालचा पाऊस दसरा झाला तरी सरंना. गाव वरच आलं न्हाई."

गाळात

गाव वर आलं नव्हतं, पण थोडं आलं होतं. पाण्यातून देवळाचं शिखर आणि त्यावर बसलेला एक खंड्या, एवढं मला लांबून दिसलं. त्याच्या वरच्या अंगाला एक उंचवटा कोरडा होता. ते पाहून मला इतका आनंद झाला की होडी टेकायच्या आधीच मी उडी मारली.

इथे वाचकांना एक सल्ला देते. धरणाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत शिऱ्यासारखा असतो. मी गुडघ्यापर्यंत गेले. एक पाय काढावा तर दुसरा आणखी आत जाई. लहानू होडीतून "हलू नका" म्हणत होता आणि मी हलल्याशिवाय राहत नव्हते. शेवटी उंचवट्यावरून दोघीजणी धावत आल्या, माझ्या काखेत हात घातले आणि भुईमूग उपटावा तशी मला उपटून काढली. चपला आतच राहिल्या. त्या आजही तिथेच असतील.

त्या दोघी म्हणजे दगडूची बायको पारूबाई आणि मुलगी मंजुळा. पारूबाई माझ्याच वयाच्या, काटक. कासोटा घट्ट खोचलेला. मंजुळा माझ्या चिखलानं माखलेल्या अवताराकडे बघून हसू दाबत होती, आणि ते तिला जमत नव्हतं. त्यांनी मला उंचवट्यावर नेलं. तिथे एक दगडी जोतं होतं. त्यावरचा गाळ त्यांनी खरवडून काढला होता. उंबऱ्याचा लांब दगड, जमिनीत पुरलेलं भात कांडायचं उखळ, आणि चुलीची जागा, एवढं स्पष्ट दिसत होतं.

"हे कुणाचं घर?" मी विचारलं.

"आमचंच," पारूबाई म्हणाल्या. "मी हितंच लगीन करून आले. एक सालच ऱ्हायले. मंग पानी आलं." त्यांनी हात करून पाण्याकडे दाखवलं. "तिकडं शिवरामभावजींचं घर. ते देवळाम्होरचं आबांचं. सगळी खाली हायेत. यंदा आमचं तेवढं वर आलंय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. "म्हणजे उद्या बसायला कोरडी जागा तुमच्याच घरात? आणि तुमच्या घरात तर कोणी यायचं नाही?"

"तेच तर," पारूबाई म्हणाल्या आणि परत गाळ खरवडू लागल्या.

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. असा पेच माझ्या एकाही ग्रंथात नव्हता! पण मंजुळाकडे पाहिलं आणि लाज वाटली. तिच्या दृष्टीनं हा पेच नव्हता, तिचं लग्न होतं.

ऊन मी म्हणत होतं. जोत्याच्या कोपऱ्यात घासून लखलखीत केलेली पितळी कळशी होती, पाण्यानं भरलेली, वर फडक्यात बांधलेली गुळाची पुडी. मी पाणी मागितलं. पारूबाईंचा हात कळशीकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी कळशी मागे सरकवली.

"नगा बाई. आमच्या घरचं पानी प्यालात तर वर तुमाला कुनी दारात उबं करनार न्हाई. तुमी लांबून आलाय. तुमचं काम खोळंबंल."

मी हट्ट केला. पारूबाई माझ्याहून हट्टी निघाल्या. मी तहानलेली आणि अनवाणी डोंगर चढू लागले, तेव्हा त्या दोघी पुन्हा उंबरा घासायला बसल्या होत्या.

आबांची पडवी

धोंडूचे मामा भिकोबा हे गावकीचे म्होरके. सगळे त्यांना आबा म्हणतात. सत्तरीच्या पुढचे, पाठीत वाकलेले, आवाज मात्र खणखणीत. मला चिखलानं माखलेली बघून म्हणाले, "बाई, गावकी उद्या हाय. तुमी आजच जाऊन बसला व्हय?"

सुनेनं पाय धुवायला पाणी दिलं, प्यायला ताक दिलं, आणि मग जे जेवण वाढलं त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. तांदळाची भाकरी, इतकी पातळ आणि मऊ की मी आमच्या पुण्याच्या पोळीचं नाव पुन्हा काढणार नाही. धरणातल्या मासळीचं आंबट कालवण. आणि शेवटी आंबेमोहराचा भात. झाकण काढल्याबरोबर आंब्याच्या मोहराचा वास पडवीभर झाला. मी तोंड भरून कौतुक केलं तर आबा म्हणाले, "ह्यो कायबी न्हवं. खालच्या खाचरांचा भात खाल्ला असता म्हंजे कळलं असतं." ती खाचरं पाण्याखाली आहेत. पुण्यात आम्ही आंबेमोहर खातो आणि महाग झाला म्हणतो, तेवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

जेवण झाल्यावर मी दगडूचा विषय काढला. तोंड उघडायचं नाही ही अट बैठकीपुरती होती, पडवीला लागू नव्हती.

"आबा, वाळीत टाकणं हा आता आपल्या राज्यात गुन्हा आहे. तसा कायदाच झालाय."

"आसंल की," आबा सुपारी कातरत म्हणाले. "मंग पकडून न्या मला. तुरुंगाची वळख जुनी हाय."

आणि त्यांनी मला धरणाच्या वेळची हकिगत सांगितली. जमिनी घेतल्या त्या कायद्यानं. नोटीस, मोजणी, सही, अंगठा, सगळं रीतसर. गावच्या माणसांनी धरणाच्या कामावर जाऊन आडवं पडायचं ठरवलं. आबा तेव्हा तरणे होते. त्यांच्या बरगड्या मोडल्या, मग त्यांना तुरुंगात टाकलं. "मारलं त्येचं दुःख न्हाई," आबा म्हणाले. "पर आमच्यातलाच येक कचेरीत जाऊन बोलला. कोन कुटं लपलंय, कोन म्होरक्या हाय, समदं. त्येच्या साक्षीवर निम्मा गाव आत गेला. सुटून आलो तवा पानी देवळाच्या पायरीला लागलं व्हतं. त्या पायरीवर उबं ऱ्हाऊन आमी शपथ घेतली. गावचं कायबी कचेरीत न्यायचं न्हाई. जो नील त्यो गावाचा न्हवं."

जुलमापासून वाचायला केलेला नियम! आणि त्याच नियमाच्या आडोशाला शिवरामनं एका गरिबाचा हात मोडला, आणि खरं बोलणारा गावाबाहेर गेला.

"पण आबा, त्यानं गावावर चुगली केली नाही. एका माणसाला बांधून मारलं ते सांगितलं."

"म्हाईत हाय."

"मग?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "बाई, शपथ मीच घातली. दगडूला वाळीत मीच टाकला. आता मीच म्हनलो की चुकलं, तर उद्या माजा शब्द कोन धरील? आन माजा शब्द न्हाई धरला तर गाव कशानं धरून ठेवू? जमीन तर पान्यात हाय."

त्या म्हाताऱ्याचा मला राग आला आणि त्याची कीवही आली. अशी कोंडी मी निकालपत्रांत कितीदा वाचली होती. पण तिथे तिला सुरकुत्या नव्हत्या आणि तिनं मला भात वाढला नव्हता.

बैठक

सकाळी आम्ही खाली गेलो. मला सुनेनं आपल्या जुन्या वहाणा देऊ केल्या, पण त्या माझ्या पायात शिरेनात, म्हणून मी अनवाणीच निघाले. चारी वाड्यांवरून माणसं उतरत होती, काही होड्यांतून आली. बायका वर करवंदीच्या जाळीपाशी थांबल्या. बैठकीत त्यांना जागा नसते. मीही त्यांच्यात उभी राहिले आणि त्यांनी माझ्या हातात करवंदं कोंबली. गावकीची माणसं मात्र पार खाली गेली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली, आपापलं जोतं जिथं असेल त्या दिशेला तोंड करून. समोर पारूबाईंचं कोरडं, स्वच्छ घासलेलं जोतं. पारूबाई त्यावर उभ्या होत्या, एकट्या. दगडू दूर बाजूला पाण्यात, मान खाली घालून. बायकांच्या मागे मंजुळा.

आणि वाद सुरू झाला! मी उच्च न्यायालयात मोठमोठे वकील ऐकले आहेत, पण इतकी रंगत कधी आली नव्हती.

"वरती रानात बसूया," कोणी म्हणालं.

"रानातला निकाल आजवर धरलाय का?" दुसऱ्यानं उडवून लावलं.

"होड्या बांधा देवळापाशी, होड्यांत बसू."

"होडीत पाय जोत्यावर येतो व्हय रं?"

शिवराम आडदांड, पन्नाशीचा. तो मोठ्यानं म्हणाला, "फुडल्या सालाला बगू. पानी उतरंल तवा. घाई कुनाला हाय?" घाई कुणाला होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या शेजारी मंजुळानं पदराचं टोक तोंडात धरलं.

तेवढ्यात मागचा एक जण म्हणाला, "आरं, दगडूच्या जोत्यावरच बसू की! बुडाल्यालं घर ते. ना कूड, ना कौल. त्याला काय घर म्हनायचं? दगडं हायेत नुसती. दगडांवर बसलं तर वाळीत मोडत न्हाई."

पुष्कळांनी माना हलवल्या. कोरड्यात बसायला मिळणार होतं आणि बहिष्कारही शाबूत राहणार होता. चारदोघं पुढे निघालीसुद्धा.

"थांबा," पारूबाई म्हणाल्या.

बाईनं गावकीत तोंड उघडलं म्हणून सगळे जागच्या जागी थांबले.

"ही नुसती दगडं हायेत म्हनता?" पारूबाईंचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "बुडाल्यालं घर घर न्हवं, तर मंग बुडाल्यालं गाव तरी गाव कसं? तुमची गावकी कुटली? आमाला वाळीत टाकलं ते कुनी टाकलं? दगडांनी? आन हे घर असंल, तर घरात शिरा, पर घरात आल्यावानी या."

शिवराम खेकसला, "वाळीतल्या बाईनं बोलायचं न्हाई!"

"भावजी, जोत्यावर पाय असंल त्येचा शब्द धरायचा ना? खाली बगा. तुमचा पाय पान्यात हाय. माजा जोत्यावर हाय. आज हितं बोलायचा हक माज्या येकटीचाच हाय."

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, मोठ्यानं. आणि आबांनी वर बघितलं तशी दोन्ही हात पदराखाली लपवले. पण शेजारच्या म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं आणि ती बोळक्या तोंडानं हसली.

गावच्या नियमानं गाव अडकलं होतं. माझ्या पुस्तकातला तो प्रश्न, सत्तेला नियमांची हौस कशाला, पहिल्यांदाच मला उलट्या बाजूनं दिसला. नियम ज्यांच्यासाठी केलेला नसतो त्यांनाही तो धरता येतो. पण म्हाताऱ्यानं तो झिडकारला असता तर पारूबाई काय करणार होत्या? काही नाही.

आबा पाण्यात उभे होते, आपल्या बुडालेल्या घराकडे तोंड करून. मग ते वळले. काठी टेकत, गाळातून पाय ओढत ते पारूबाईंच्या जोत्यापाशी आले. कोणी हात द्यायला गेलं तर त्याला झटकलं. उंबऱ्याच्या दगडासमोर ते थांबले, वाकले, आणि त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

भोवती सगळा चिखल. वर छप्पर नाही, भिंत नाही. वहाणा काढण्यासारखं तिथे काही नव्हतं. आबांनी त्या नीट जोडीनं उंबऱ्याबाहेर ठेवल्या, उंबरा ओलांडून आत आले, उखळाशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पारू, तहान लागली. पानी दे."

पारूबाई जागच्या हलेनात. मंजुळानंच खाली धाव घेतली, फडकं सोडलं आणि गुळाचा खडा आबांच्या हातावर ठेवला. पारूबाईंनी तांब्या भरला. आबांनी गूळ खाल्ला, पाणी घटाघट प्यायले, मिशा पुसल्या आणि पाण्यात उभ्या असलेल्या गावाला म्हणाले, "शपथ घेतली तवा कचेरी कुनाची व्हती ते मला ठावं व्हतं. आजची कचेरी कुनाची हाय ते अजून नीट कळंना. पर ह्या कातकऱ्याचा हात कुनी मोडला ते मला कळतं. शपथ मार खानाऱ्यानं घेतली व्हती, मारनाऱ्यासाठी न्हवं. दगडू, तितं पान्यात काय उबा ऱ्हायलायस? तुज्या घरी पावनं आल्यात."

एकेक जण येऊ लागला. उंबऱ्याबाहेर चिखलात वहाणांची रांग लागली. माझ्या चपला गाळानं आदल्या दिवशीच काढून ठेवल्या होत्या, म्हणून मी तशीच आत गेले. बाईनं बैठकीत यायचं नाही हे त्या गर्दीत कोणाला आठवलं नाही, की आठवूनही कोणी बोललं नाही. माझ्यामागून करवंदीखालच्या सगळ्या बायका आल्या. दगडू तांब्या घेऊन थेट होडीपाशी गेला आणि त्यानं लहानूच्या ओंजळीत पाणी ओतलं. वाकड्या हाताच्या ओंजळीतून निम्मं सांडलं, म्हणून पुन्हा ओतलं. शिवराम तेवढा पाण्यातच उभा राहिला. आत आला नाही, निघूनही गेला नाही. मी शेवटी पाहिलं तेव्हा वहाणा त्यानं हातात घेतल्या होत्या.

मी सगळ्यांच्या शेवटी पाणी मागितलं. या वेळी पारूबाईंनी कळशी मागे सरकवली नाही. सकाळपासून उन्हात ठेवलेलं, पितळेचा वास असलेलं कोमट पाणी होतं ते. प्यायले आणि मला रडू फुटलं. पारूबाई माझी पाठ थोपटू लागल्या. खरं तर मी त्यांची थोपटायला हवी होती.

"पारूबाई," डोळे पुसत मी म्हटलं, "आबा येतील हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का? गूळ, पाणी, सगळं तयार ठेवलंत ते?"

"कुटलं ठावं!" त्या म्हणाल्या. "बैठकीला पानी आन गूळ दर सालाला आनती मी. घरात कुनी आलंच तर असावं म्हनून. आन सांजचं भरली कळशी तशीच डोक्यावर घिऊन डोंगर चढती." त्यांनी कळशी उचलली, उपडी केली आणि तिच्या बुडावर हात फिरवला. "आज रिकामी न्यायची. लई हलकी लागंल."